पिट्युटरीतला ४ मिलिमीटरचा डाग आणि लपलेली गाठ

प्रश्न : आम्ही फोंड्याजवळ राहतो. माझ्या ताईचे वय ४४. गेल्या तीन महिन्यांत तिची ताकद एकदम गेली. पाटावर बसली की आधाराशिवाय उठता येत नाही. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, हातपाय मात्र बारीक झाले. वजन वाढले नाही, वर्ण काळवंडला. बीपी १७०/१००, साखर ३२०, पोटॅशियम २.४. सकाळचे कॉर्टिसॉल ५२, एसीटीएच १४८. एमआरआयमध्ये पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाच्या ग्रंथीत, ४ मिलिमीटरचा डाग निघाला. एक डॉक्टर नाकातून ऑपरेशन करून तो काढायला सांगतात. दुसरे म्हणतात, हार्मोन सोडणारी गाठ छातीतही असू शकते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : नाकातून करायचे ऑपरेशन सध्या थांबवा. दुसऱ्या डॉक्टरांची शंका रास्त आहे, आणि ताईंचे आकडे त्याच बाजूला झुकतात. पण गाठ डोक्यात की छातीत हा वाद मिटेपर्यंत ताईंना घरी ठेवू नका. इतके कमी पोटॅशियम, इतकी साखर आणि इतके कॉर्टिसॉल असलेल्या माणसाला आजच भरती करायचे असते. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) जवळ आहे, तिथे एंडोक्राइनच्या, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन बेसुमार वाढण्याच्या या आजाराला कुशिंग म्हणतात. त्यातली गाठ बऱ्याचदा सावकाश वाढते; कमी पोटॅशियम, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या मात्र काही दिवसांत घात करतात.

भरती झाल्यावर पहिले काम पोटॅशियमचे. आधी ईसीजी आणि रक्तातले मॅग्नेशियम पाहतात, कारण मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम दिले तरी ते लघवीवाटे निघून जाते. तोंडाने द्यायच्या पोटॅशियम क्लोराइडच्या औषधात साधारण १५ मिलीमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते पेलाभर पाण्यात घालून, जेवणानंतर, हळूहळू प्यायचे. तसेच घशाखाली ढकलले तर पोटात जळजळ होऊन उलटी होते आणि डोस वाया जातो. शिरेतून द्यायचे झाल्यास हातातल्या साध्या सलाइनमधून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास. त्याहून वेगाने द्यायचे तर हृदयाचा मॉनिटर लावूनच. शहाळ्याचे पाणी चांगले, पण एवढी तूट शहाळ्यांनी भरून निघत नाही. आणि एक गोष्ट हमखास चुकते : पायाला सूज आणि बीपी वाढलेले पाहून कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी लिहून देते. फ्युरोसेमाइड किंवा थायझाइडने पोटॅशियम आणखी घसरते. इथे स्पायरोनोलॅक्टोन हवे. ते बीपीलाही उतार देते आणि पोटॅशियमही राखते.

पोटॅशियम एवढे का पडले, ते समजून घ्या, कारण निदानाचा धागा तिथेच आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. त्यांना हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी, आणि तो हुकूम म्हणजे एसीटीएच. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पिट्युटरी गप्प बसते. मूत्रपिंडात एक एन्झाइम पहारा देते : कॉर्टिसॉलला निष्क्रिय कॉर्टिसोन बनवते, म्हणजे क्षार राखणाऱ्या आल्डोस्टेरोनच्या जागेवर ते बसत नाही. कॉर्टिसॉल थोडे वाढले तर हे एन्झाइम पुरून उरते. लोंढा आला की ते थकते, कॉर्टिसॉल आल्डोस्टेरोनसारखे वागू लागते, सोडियम अंगात साठते आणि पोटॅशियम वाहून जाते. पिट्युटरीच्या गाठीत दहापैकी साधारण एकाचे पोटॅशियम कमी होते. शरीरात दुसरीकडेच एसीटीएच बनत असेल तर बहुतेकांचे होते. हेच एन्झाइम ज्येष्ठमधही रोखते. म्हणून बीपी वाढलेल्या आणि पोटॅशियम कमी झालेल्या कुणालाही घशासाठी ज्येष्ठमधाचा काढा रोज चालू आहे का, हे विचारायलाच हवे.

दुसरा धागा वर्णाचा. एसीटीएच ज्या मोठ्या प्रथिनातून तुटून बनते, त्यातूनच त्वचा काळी करणारे संप्रेरकही बनते. शिवाय एसीटीएच फार वाढले तर ते स्वतःच रंगपेशींना चेतवते. हाताच्या बोटांचे सांधे, तळव्यावरच्या रेषा, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण निरखून पाहा, काळेपणा तिथे आधी दिसतो. तिसरा धागा वेगाचा. पिट्युटरीतल्या गाठीचा रुग्ण दोन-चार वर्षे हळूहळू जाड होत जातो. ताईंचे सगळे तीन महिन्यांत झाले आणि वजन वाढण्याऐवजी स्नायू झिजले. एवढे असले तरी हे धागे आहेत, पुरावा नव्हे. फुप्फुसातली छोटी, संथ कार्सिनॉइड गाठ (हार्मोन बनवू शकणाऱ्या पेशींची) हुबेहूब पिट्युटरीच्या आजाराचे सोंग घेते.

शरीर स्वतःच कॉर्टिसॉल जास्त बनवते अशा शंभर रुग्णांत साधारण वीस जणांचा दोष ॲड्रिनलमध्ये असतो, पासष्ट ते सत्तर जणांचा पिट्युटरीत, आणि दहा-पंधरा जणांत एसीटीएच तिसऱ्याच ठिकाणाहून येते. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये पिट्युटरीवर बोट ठेवले, म्हणून आजाराला त्यांचे नाव मिळाले. पण फुप्फुसाच्या कर्करोगाबरोबर असेच चित्र दिसलेल्या स्त्रीची नोंद त्याआधी, १९२८ मध्येच झाली होती. तिसरे ठिकाण बहुधा छातीत असते : फुप्फुसाच्या श्वासनलिकेतली कार्सिनॉइड, लहान पेशींचा फुप्फुसाचा कर्करोग, थायमसची गाठ. त्याखालोखाल स्वादुपिंड, थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग आणि ॲड्रिनलच्या गाभ्यातली फिओक्रोमोसायटोमा. शेवटच्या दोन शंकांसाठी रक्तातले कॅल्सिटोनिन आणि मेटानेफ्रिन आत्ताच पाठवून ठेवा. फिओक्रोमोसायटोमा माहीत नसताना भूल दिली तर बीपी टेबलावरच हाताबाहेर जाते.

या सगळ्याहून कितीतरी जास्त वेळा हे चित्र दिसते ते बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे. आपल्या दमट हवेत जांघेत, कमरेला नायटा झाला की दुकानातून क्लोबेटासोल मिसळलेले मलम आणून महिनोन् महिने चोळणारे घरोघरी आहेत. सांध्यांसाठी लेबल नसलेल्या पुड्या, दम्यासाठी कुणीतरी दिलेल्या पांढऱ्या बारीक गोळ्या, गुडघ्यातली इंजेक्शने, सगळे विचारावे लागते. त्या रुग्णांत एसीटीएच दबलेले असते. ताईंचे १४८ आहे, म्हणून हे कारण बाद. पण घरात दुसऱ्या कुणाचा चेहरा गोल होत असेल तर एमआरआयआधी औषधांचा डबा टेबलावर ओता.

कॉर्टिसॉल खरेच वाढले आहे हे सिद्ध करायच्या तपासण्या तीन. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेऊन सकाळी ८ ला रक्त द्यायचे, कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरायला हवे. बाजारात अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, म्हणजे दोन गोळ्या लागतात. एकच घेऊन चाचणी फसते. फिट्सची फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन आणि टीबीची रिफाम्पिसिन ही औषधे डेक्सामेथासोन लवकर संपवतात आणि निकाल खोटा वाढीव येतो. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतो. त्या सहा आठवडे थांबवाव्या लागतात. दुसरी तपासणी रात्री ११ ते १२ दरम्यानच्या थुंकीतल्या कॉर्टिसॉलची, दोन वेगवेगळ्या रात्री. हॉटेलात, कॅसिनोत किंवा जहाजावर रात्रपाळी करणाऱ्यांना ती लागू नाही, त्यांचे घड्याळच उलटे झालेले असते. तिसरी २४ तासांच्या लघवीची. सकाळी ७ ची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ७ ची कॅनमध्ये घालून थांबायचे. कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा. त्याच लघवीत क्रिएटिनीन मोजले की गोळा करणे अपुरे झाले का ते कळते.

दारूचे व्यसन, खोल नैराश्य, बेसुमार वाढलेली साखर यांनीही कॉर्टिसॉल थोडे वर जाते, म्हणून सौम्य रुग्णात या तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. ताईंच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. ५२ कॉर्टिसॉल, काळवंडलेला वर्ण आणि पाटावरून न उठवणारे स्नायू एकत्र असताना तिन्ही चाचण्यांसाठी दोन आठवडे घालवू नयेत. एक लघवीचा नमुना घ्या आणि पुढे चला.

एसीटीएचचा आकडा मात्र नीट वाचला पाहिजे, कारण या तपासणीइतका नाजूक नमुना दुसरा नाही. रक्त थंड केलेल्या ईडीटीए नळीत, लगेच बर्फात, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, प्लाझ्मा गोठवून पाठवायचा असतो. काणकोणला सकाळी काढलेली नळी दुपारच्या उन्हात पिशवीतून मडगावला गेली तर एसीटीएच तुटून नष्ट होते आणि खोटा कमी आकडा येतो. १० च्या खाली आकडा म्हणजे दोष ॲड्रिनलमध्ये. २० च्या वर म्हणजे कुठेतरी एसीटीएच बनते आहे. नमुना खराब झाला तर निष्पाप ॲड्रिनल कापली जाऊ शकते. उष्णतेने आकडा घसरतो, चढत नाही, म्हणून ताईंच्या १४८ वर विश्वास ठेवायला हरकत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर कॉर्टिसॉल खोटे जास्त आणि एसीटीएच खोटे कमी दिसते. त्या काही दिवस बंद करून मग रक्त द्यावे. अहवालातले एककही पाहा. कॉर्टिसॉल मायक्रोग्रॅममधून नॅनोमोलमध्ये नेताना २७.६ ने गुणावे लागते, आणि दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवून भलतेच अर्थ काढले जातात.

आता त्या डागाबद्दल. कसलाही त्रास नसलेल्या दहा माणसांचा पिट्युटरीचा एमआरआय केला तर एकात असा डाग सापडतो. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर ती दोषी धरतात. ६ ते ९ मध्ये मतभेद आहेत. ६ च्या खाली असेल तर पुरावा हवाच. ताईंचा डाग ४ चा. तो काढला, पण मूळ फुप्फुसात निघाले, तर कॉर्टिसॉल जिथल्या तिथे राहते, शिवाय उरलेली चांगली पिट्युटरी दुखावते आणि जखम भरायची ताकद नसलेल्या शरीरावर एक ऑपरेशन लादले जाते.

तो पुरावा आयपीएसएस (इन्फिरिअर पेट्रोसल सायनस सॅम्पलिंग) नावाच्या तपासणीतून मिळतो. दोन्ही जांघांतल्या शिरांमधून बारीक नळ्या वर सरकवत पिट्युटरीचे रक्त वाहून नेणाऱ्या उजव्या-डाव्या पेट्रोसल सायनसपर्यंत नेतात. तिथले दोन आणि हाताच्या शिरेतला एक, असे तीन नमुने एकाच क्षणी काढतात. मग पिट्युटरीतल्या गाठीला चेतवणारे डेस्मोप्रेसिन १० मायक्रोग्रॅम देऊन काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. डोक्याजवळचे एसीटीएच हातातल्याच्या सुरुवातीलाच दुप्पट किंवा औषधानंतर तिप्पट असेल तर उगम पिट्युटरीत. फरक नसेल तर उगम बाहेर. बिघडते कुठे? नळी भलत्या शिरेत असते, म्हणून त्याच नमुन्यांत प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे दुसरे हार्मोनही मोजायला सांगा, त्यावरून नळीची जागा कळते. डझनभर नळ्यांवरची लेबले बदलतात. आणि सर्वांत मोठी चूक : कॉर्टिसॉल औषधाने बरेच आठवडे खाली आणलेले असताना ही तपासणी करणे. तेव्हा दबलेली निरोगी पिट्युटरी जागी होते आणि निकाल खोटेपणाने तिच्याकडेच बोट दाखवतो. ही तपासणी रोज करणाऱ्या हातांनीच करावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या एंडोक्राइन विभागाला तिचा दीर्घ अनुभव आहे.

तरीही ताईंसाठी मी आधी मानेपासून ओटीपोटापर्यंत पातळ कापांचा सीटी स्कॅन मागेन; छातीचे काप १ मिलिमीटरचे. तो इथेच एका दिवसात होतो, आणि मोठी गाठ असेल तर मुंबईची खेप वाचते. फुप्फुसातली कार्सिनॉइड कित्येकदा सेंटिमीटरपेक्षाही लहान, रक्तवाहिनीच्या शेजारी, तिच्याच गोल कापासारखी दिसणारी असते. रेडिओलॉजिस्टला कागदावर नुसते ‘अशक्तपणा’ लिहून पाठवू नका. ‘एसीटीएच सोडणारी गाठ शोधतो आहोत’ असे स्पष्ट लिहिलेले हवे, म्हणजे तो प्रत्येक वाहिनीचा माग काढतो.

सीटीत काही नसेल किंवा शंका असेल तर गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅन. अशा गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे ग्राहक असतात, त्यांना हे द्रव्य चिकटते. गॅलियमचे अर्धायुष्य ६८ मिनिटांचेच, म्हणून ते ताजे बनवणाऱ्या केंद्रातच जावे लागते. परळच्या टाटा रुग्णालयात ही सोय आहे. आपल्याकडे एक अडचण आहे. टीबीच्या जुन्या गाठीही पेट स्कॅनवर उजळतात, आणि वाढलेल्या कॉर्टिसॉलने दबलेला टीबी पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे छातीत उजळलेला प्रत्येक ठिपका गाठ मानू नये. उलट अडचणही आहे : कॉर्टिसॉल फार वाढलेले असले की त्या पेशींवरचे ग्राहक कमी होतात आणि गाठ स्कॅनवर विझलेली राहते. कॉर्टिसॉल ताब्यात आणून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की कधीकधी तीच गाठ उजळते. गाठ सापडली नाही म्हणून उपचार रोखून धरू नयेत, याचे हे आणखी एक कारण.

कॉर्टिसॉल उतरवायला आपल्याकडे हाताशी असते ते केटोकोनाझोल. २०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा सुरू करून गरजेप्रमाणे १२०० पर्यंत वाढवतात. यकृताची तपासणी आधी, मग सुरुवातीला दर आठवड्याला. हे औषध पोटातल्या आम्लाशिवाय शोषले जात नाही. आणि भरती झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल सवयीने दिली जाते. त्यातले पॅन्टोप्राझोल केटोकोनाझोलला निकामी करते. डोमपेरिडोन केटोकोनाझोलबरोबर आणि कमी पोटॅशियमबरोबर हृदयाची लय बिघडवते. फाइलमध्ये ही कॅप्सूल दिसली तर नर्सला नव्हे, थेट डॉक्टरांना विचारा. तोंडाने औषध घेता येत नसेल, भ्रम झाला असेल किंवा सेप्सिस असेल तर आयसीयूत एटोमिडेट, भुलीच्या मात्रेपेक्षा बरेच कमी, अखंड थेंबाथेंबाने देतात. ते काही तासांत कॉर्टिसॉल पाडते. अशा आजारी माणसात ते शून्यावर नव्हे, १० ते २० मायक्रोग्रॅमच्या घरात ठेवायचे. औषधांनी भागत नसेल, गाठही सापडत नसेल, तर दुर्बिणीतून दोन्ही ॲड्रिनल काढणे हा शेवटचा उपाय आहे. तो वेळेवर केला तर जीव वाचतो, आणि माझ्या मते तो उशिरा केला जातो.

कॉर्टिसॉल ताप झाकते. आतडे फाटले तरी पोट मऊ लागते. म्हणून थर्मामीटर नॉर्मल आहे एवढ्यावर विसंबू नका. नाडी वाढली, श्वास लागला, माणूस गुंगला तर तोच ताप समजा. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल देतात, कारण कॉर्टिसॉल झपाट्याने उतरताना तो उसळतो. पण त्याने पोटॅशियम वाढते, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्त वारंवार तपासावे. कुळागरात, शेतात अनवाणी जायचे नाही. आपल्या किनारपट्टीवर पावसाळी चिखलातून होणारा मेलिऑइडोसिस हा जंतुसंसर्ग साखर वाढलेल्यांना सोडत नाही. पायात गुठळी होण्याचा धोका मोठा, म्हणून हेपारिनची इंजेक्शने. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी पोटॅशियम तपासा, हेपारिनचे विचारा, आणि गाडीत दर तासा-दीड तासाने ताईंना उठवून चालवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर त्यात काय बसते ते भरतीपूर्वी विचारून घ्या.

गाठ फुप्फुसात सापडली तर नुसती पाचर कापून काढण्यापेक्षा तो संपूर्ण खंड आणि आसपासच्या लसिकाग्रंथी काढणे बरे, कारण एसीटीएच सोडणाऱ्या कार्सिनॉइड लहान असल्या तरी ग्रंथींत पोहोचलेल्या असू शकतात. ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल जमिनीवर येते; ती यशाची खूण आहे. वर्षानुवर्षे किंवा महिनोन् महिने झोपलेली पिट्युटरी जागी व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. तोवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचीच गोळी, साधारण सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम, कधी मध्ये आणखी ५. अंगदुखी, मळमळ, उदासी येते. घरच्यांना वाटते आजार उलटला. तसे नसते, शरीर जुन्या लोंढ्याला सोकावलेले असते. दोन्ही ॲड्रिनल काढल्या असतील तर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन जन्मभर.

ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट किंवा तिप्पट, बरे वाटेपर्यंत. दोनदा उलटी झाली, गोळी पोटात टिकली नाही, तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीच्या स्नायूत, आणि लगेच इस्पितळात. कुपीत पावडर असते. सोबतचे पाणी घालायचे, हलवायचे, भरायचे. घरातल्या दोघांनी हे नर्सकडून शिकून घ्या, कारण एक जण नेमका त्या दिवशी बाहेर असतो. कुपीला फ्रिज लागत नाही, पण चुलीजवळचा फडताळ आणि गाडीचा डॅशबोर्ड नको. ताईंच्या पाकिटात ‘मला स्टेरॉइडची कमतरता आहे, बेशुद्ध असल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या’ असे इंग्रजीत आणि मराठीत लिहिलेले कार्ड ठेवा. कुपीवरची मुदत दर वर्षी चवथीच्या साफसफाईत पाहत जा.